ताटाला ओ

१२ जुलै, शनिवार. लोणी.

ही डायरी खताच्या दुकानदारानं नव्या वर्षाला दिली. एरवी मी हिच्यात पाण्याची पाळी आणि दुधाचं फॅट लिहितो. पावसासाठीही एक रकाना आखला होता, तो यंदा बहुतेक कोराच आहे. त्यामुळं आज जागाही आहे आणि लिहिण्यासारखं काही घडलंयही.

काल स्नेहल आली. आमची एकुलती एक लेक, पुण्यात दवाखान्यात नर्स आहे. चहा व्हायच्या आत म्हणाली, "आण्णा, तुमी आन आई आठ दिवस कोकणात जाताय. समुद्रावर."

"आखाडात? लोकं मे महिन्यात जात्यात."

"म्हणूनच. आत्ता तिथं कुत्रंबी नसतं."

"कुत्रंबी नसतं तिथं आमी काय करायचं?"

पण पोरगी सगळं ठरवूनच आली होती. श्रीवर्धनच्या पुढं वेळकोंड म्हणून गाव आहे. तिथली देवकू नावाची कोळीण स्नेहलच्या वॉर्डात भरती होती, ओळख वाढली. तिचं खाडीकाठी घर आहे, एक खोली पाहुण्यांना देतात. इकडं गाई आणि पाणी माझा पुतण्या गोरख बघणार. मला वाटलं, अंजना नाहीच म्हणेल. ती कधी माहेरीसुद्धा धड राहिलेली नाही. गेली की दुसऱ्या दिवशी हजर. तर ती म्हणाली, "कधी निघायचं?"

कपिला गाय हिच्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. हिनं कपिलेचं नावसुद्धा काढलं नाही. मला काही कळेना.

निघताना स्नेहल मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिथं आईला झोपंतून उठवू नका." मी कशाला उठवू? रोज तीच मला उठवते.

१४ जुलै, सोमवार. वेळकोंड.

दिवसभर एसटीत बसून हाडं खिळखिळी झाली. पोचलो तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. देवकूचा नवरा हसुराम फाट्यावर घ्यायला आला होता. माझ्याच वयाचा, काळा, बुटका, बोलका. मासेमारीला दोन महिने बंदी असते, त्यामुळं बोटी वाळूवर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, आणि माणसं पारावर पत्ते कुटत बसलेली.

समुद्र मला निळा वाटला होता, टीव्हीत असतो तसा. हा गढूळ, फेसाळ, गुऱ्हाळातल्या काहिलीसारखा उकळत होता. मी म्हटलं, लांबूनच बरा.

अंजना पिशवी ओट्यावर टाकून थेट वाळूकडं निघाली. मी ओरडलो, "अगं, अंधार पडतोय."

आमच्याकडं अंधार पडताना कुणी घराबाहेर पाऊल टाकत नाही. उसात बिबट्या. गोठ्यात जायचं तर दोघांनी, परसाकडं जायचं तर मोबाईलवर गाणं लावून, आणि चालायचं ते मोठ्यानं बोलत. लहान पोरांनाही हे सांगावं लागत नाही. आमच्या शेजारचा बहिरू पाणी धरायला गेला आणि बांधावरच संपला, त्याला दुसरं वर्ष चालू आहे. त्याच्यानंतर तर कुणी हसण्यावारी नेत नाही.

हसुराम म्हणाला, "जाऊ द्या हो वैनींना. हितं कसला आलाय वाघ? हाय तो वर डोंगरात. वालूत येऊन काय कुर्ल्या खाल?"

मी काठी आणि बॅटरी घेऊन मागं गेलोच. ती पाण्याच्या कडेला उभी होती, गप्प. मी सवयीनं मोठमोठ्यानं बोलत चाललो होतो, कांद्याचा भाव, गोरखचा आळशीपणा, जे तोंडात येईल ते. एक म्हातारा थांबून म्हणाला, "कोनाशी भांडताय?"

१५ जुलै, मंगळवार

अंजना सकाळी उठली नाही. चांगलं उजाडलं, देवकूनं चहा केला, तो गार झाला, तरी उठली नाही. अंगाला हात लावून पाहिला, ताप नाही. उठली ती दुपारच्या जेवणाला. जेवली, आणि पुन्हा आडवी झाली.

प्रवासाचा शीण असेल.

१७ जुलै, गुरुवार

तीन दिवस हेच चाललंय. झोपते, जेवते, झोपते. दिवस मावळताना मात्र उठून एकटी वाळूवर फिरायला जाते. मी बरोबर निघालो तर म्हणते, "तुमी बसा पत्त्याला." आणि जाते ती गप्प चालत. तोंडानं बोलणं नाही, मोबाईलवर गाणं नाही, हातात काठी नाही. मी ओट्यावरून बघत राहतो. माझी बॅटरी तिच्यामागं फिरते आणि ती मात्र रमतगमत शंख वेचते.

आज सकाळी मी एकटाच खाडीकडं गेलो. चिखलात ताजे ठसे. बसून पाहिले. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. ह्याची नखं उमटली होती. तरी तिथं थांबलो नाही. पळत येऊन हसुरामला उठवला. त्यानं येऊन पाहिलं आणि हसता हसता खाली बसला. "अवो, ह्यो उद. पान्यातला मांजर. आमच्या जाल्यातले मासे पलवतो, दुसरं काय नाय."

गावभर झालं. घाटावरचा पाहुणा उदाला भ्यायला म्हणून आता पारावरची माणसं मला बघून शीळ घालतात.

देवकूला विचारलं, आमच्या हिला काय झालंय, एवढी का झोपते? ती म्हणाली, "बंदीत आमी बायका पन अशाच झोपतो. नारली पुनवेनंतर बोटी सुटल्या का मग कसला डोला लागतोय." अंजना आत भाजी निवडत होती, ती हसली. मग दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. ह्यात हसण्यासारखं काय होतं? बायकांचं बायकांना माहीत.

१८ जुलै, शुक्रवार

हिला तालुक्याच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर पोरगेलासा. बीपी, साखर, सगळं पाहिलं. मला म्हणाला, "काका, यांना काही नाही. झोप येते हे चांगलंच आहे."

मग स्नेहलला फोन केला. ती म्हणाली, "आण्णा, घरी आईला किती झोप लागते, कधी बघितलंय?" मी म्हटलं, चांगली लागते की. माझ्यानंतर झोपते, माझ्या आधी उठते. मधलं मी कसं सांगणार? मी एक तर घोरत असतो, नाही तर रानात पाण्यावर असतो.  फोन कट झाला असं वाटलं, पण चालू होता.

१९ जुलै, शनिवार

पावसानं उघडीप दिली म्हणून हसुराम खाडीच्या तोंडाशी घेऊन गेला. तिथं काळ्या दगडांचा चौथरा आहे, निम्मा वाळूत गेलेला. तो सांगतो, फार मागं हिथं बंदर होतं, गलबतं लागायची, माल बैलांवर लादून घाट चढून जुन्नरच्या पेठेत जायचा. मी म्हटलं, चढून जायचा ते खरं, पण फुकट नाही. आमच्या नाणेघाटात दगडी रांजण अजून आहे, जकात टाकायचा. तुमी खाली दमायचे, आमी वर बसून घ्यायचो. फार हसला. बरोबरी झाली.

चौथऱ्यावर म्हणे पावसाळ्याच्या तोंडाशी आग पेटती ठेवत, मागं राहिलेल्या गलबतांना खाडीचं तोंड दिसावं म्हणून. हसुरामच्या मते सिद्दीचे शिपाई हे काम करायचे. देवकू मागून येत होती, ती म्हणाली, "शिपायांना काय पडलीय? बायका पेटवायच्या. ज्याचा मानूस पान्यात तोच जागल ना." दोघांची जुंपली. अंजना त्या चौथऱ्यावर बसून राहिली. तिला उठवता उठवता नाकीनऊ आले.

परत आल्यावर मी सहज म्हटलं, मंगळवारी निघायचं, सामान आवरून ठेव. ती म्हणाली, "तुमी जा. मी ऱ्हाते."

"किती दिवस?"

"माहीत न्हाई. देवकूताईला मी ईचारलंय. सुकी मासळी नीट करायला, घर झाडायला मी हाये म्हणाले."

मी हसलो, कारण दुसरं काही सुचलं नाही. पण ती हसत नव्हती. भांडलीस का माझ्याशी, विचारलं. न्हाई म्हणाली. माझं काय चुकलं, विचारलं. न्हाई म्हणाली. मग काय तिकडं दुखतंय? तर म्हणाली, "तिकडं दिवस मावळला की माझ्या पोटात गोळा येतो. हितं येत न्हाई."

मी म्हटलं, अगं, बिबट्या काय आजचा आहे का? सगळा गाव राहतो. एवढी भीती वाटते तर दार लावून बस की. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी कपिलेशी बोलतोय की काय असं मलाच वाटलं.

मला हिच्याशिवाय लोणीत राहायचं नाही. हे तिला सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच, "गाईची धार कोण काढील?"

२० जुलै, रविवार

आजचं नीट क्रमानं लिहितो, म्हणजे मलाही कळेल.

दुपारी अंजना झोपली होती. हसुराम म्हणाला, चला, उद दाखवतो, एवढे घाबरलात त्याला तर तोंड तरी बघा. छोटी होडी, वल्ह्यानं खाडीतल्या खाडीत. हिला सांगून जावं म्हणून दारापर्यंत गेलो, पण स्नेहलनं बजावलेलं आठवलं, उठवू नका. नाही उठवलं.

खाडीच्या पलीकडं कांदळवनात उद दिसले. दोन होते. एक बुडी मारायचा आणि दुसरा दगडावर बसून बारीक शीळ घालत राहायचा, पहिला वर येऊन शीळ घालेपर्यंत. मग हा बुडायचा. बघता बघता वेळ गेला आणि ओहोटीनं पाणी उतरलं. होडी चिखलात बसली. हसुराम म्हणाला, आता भरती लागेस्तोवर हलायचं नाय. दिवस मावळला. त्याला काही वाटलं नाही, त्याचं रोजचंच. तो विडी ओढत बसला.

आणि पलीकडच्या काठावरून ताट वाजायला लागलं.

इथं थोडं खुलासेवार लिहायला हवं. आमच्याकडं रानातली लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मी पाण्यावर जातो, तेव्हा अंजना दारात बसून पळीनं स्टीलचं ताट वाजवते. आवाजानं जनावर बांधाला येत नाही. मीच तिला शिकवलंय. आता घरोघरच्या बाया वाजवतात. ताट वाजायचं आणि मी वाफ्यांना पाणी वळवत, दारं मोडत राहायचो. त्याला ओ द्यायची असते असं आमच्यात कुणीच मानत नाही. उलट गडी माझी चेष्टा करतात, भिमाजीची आरती सुरू झाली म्हणून.

तर तेच ताट, तीच चाल, खाडीवर. मी सवयीनं गप्प बसलो. हसुराम मात्र ताडकन उठला. "भांडी कोन वाजवतंय? आग लागली का काय?" काठावर कंदील, बॅटऱ्या दिसायला लागल्या, सगळी आळी गोळा झाली असणार.

मी म्हटलं, "काही नाही, आमची ही असेल. जनावरासाठी वाजवते."

"कुठला जनावर?"

मी सांगायला तोंड उघडलं. सांगता आलं नाही. इथं जनावर नाही. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, रोज अंधारात एकटी फिरते. मग हे ताट कुणासाठी?

ताट जोरजोरात वाजायला लागलं होतं. त्याची चाल सुटली होती. हसुराम मला म्हणाला, "अवो, ओ द्या ना. मेलाय का जिता हाय ते तरी कलू दे तिला."

मी तोंडाला हात लावून ओ दिली. जेवढा दम होता तेवढी.

ताट थांबलं. एकदम. मी इतकी वर्षं ते ताट ऐकतोय, पण ते असं थांबलेलं कधी ऐकलं नव्हतं.

२१ जुलै, सोमवार

रात्री होडी लागली तेव्हा ती चौथऱ्यापाशी होती, मांडीवर ताट. आळीतल्या बायका तिच्याभोवती. कुणी हसत नव्हतं. मी जवळ गेलो, तर उठून घराकडं चालू लागली.

आज दुपारी बोलली. मी विचारलं नव्हतं. ओट्यावर शंख धुता धुता म्हणाली, "बहिरूभाऊ गेले त्या राती त्येंची बायको ताट वाजवत व्हती. उजाडेस्तोवर."

हे मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

"बहिरूभाऊबी कधी ओ देत नव्हते, तुमच्यासारखंच. त्यामुळं तिला वाटलं, हायेत आपलं गप. रोज गपच असत्यात. ती मला म्हणाली, एक दिवस जरी ओ देत असते ना अंजनाबाई, तर त्या राती मला लगीच कळलं असतं."

 समोर समुद्र नुसता आदळत होता.

"ताट मी आदीपासूनच वाजवते. पण तवापासून तुमी पाण्यावर गेला की मी वाजवते, आन तुमचा आवाज येत न्हाई. दर येळंला मी बहिरूभाऊंची बायको असते. सकाळी तुमी येता, चहा मागता. मी चहा टाकते."

मी म्हणालो, "तू कधी सांगितलं न्हाईस."

"ताट वाजवत व्हते की," ती म्हणाली.

त्यानंतर मी एकटाच त्या चौथऱ्यावर जाऊन बसलो. लाज वाटली, आणि स्नेहलला सगळं कसं कळलं ह्याचं नवलही वाटलं. रडू आलं, ते वाऱ्याच्या नावावर खपलं. आता हिला चल म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही. चल म्हणावं तर कुठं? तिथंच ना, त्याच दारात. काही कळत नाही.

२२ जुलै, मंगळवार

सकाळी उठलो तर हिची पिशवी भरलेली. शंख मधोमध, लुगड्यात गुंडाळून. "गाडी चुकंल," म्हणाली.

मी फाट्यावर उभ्या उभ्या तिला म्हटलं, "तू न्हाई आलीस तर मलाबी तिकडं ऱ्हायचं न्हाई." फार उशिरा आणि फार मोठ्यानं म्हणालो, हसुराम पिशव्या घेऊन शेजारीच उभा होता. त्यानं दुसरीकडं तोंड केलं.

अंजना म्हणाली, "मग धार कोण काढील?"

एसटीत ताम्हिणी चढेपर्यंत मला कळलं नाही की तिनं माझी चेष्टा केली होती.

२५ जुलै, शुक्रवार. लोणी.

काल दिव्याची अवस होती. अंजनानं समई, निरांजन, देवघरातले सगळे दिवे चिंचेनं घासून पाटावर मांडले, कणकेचे दिवे उकडले. पूजेला बसलो तर पाटावर समईशेजारी माझी पाण्यावरची बॅटरी. तिलाही हळदकुंकू. मी म्हटलं, सेल ओले होतील. ती म्हणाली, गप बसा.

कालपासूनच रात्रीची लाईट लागली. मका पार माना टाकून होता, जाणं भाग होतं. ह्यावेळी मी शेजारच्या जानकूला सांगितलं, ह्यापुढं एकट्यानं जायचं नाही, एक दिवस तुझं रान, एक दिवस माझं, पण दोघं मिळून. तो म्हणाला, "कोकणात जाऊन भित्रा झालास व्हय राव?" पण आला.

मोटर सुरू केली. थोड्या वेळानं ताट वाजलं. मी खोऱ्या टाकून ओ दिली. जानकू बघतच राहिला.

"कुणाला ओ देतोस?"

"घराला."

"लेका, जनावराला हाकलायला ताट वाजवत्यात. तू त्याला ओ देतोस?"

मी काही समजावलं नाही. मला समजायला समुद्रापर्यंत जावं लागलं, ह्याला बांधावर काय समजणार? ताट पुन्हा वाजलं, पुन्हा ओ दिली. असं दोन-तीनदा झालं. मग ताट वाजेना.

मी वाट पाहिली. एक वाफा भरला, दुसरा भरला. ताट नाही. आता गोळा माझ्या पोटात आला. अंगणात काही आलं का? ही पडली का? मी हाक मारली, तिकडून काही नाही. जानकू चारीच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याला न सांगताच मी घराकडं पळत सुटलो, चिखलात एक चप्पल गेली.

अंजना उंबऱ्याला टेकून झोपली होती. मांडीवर ताट, पळी हातातून सुटून खाली पडलेली. तोंड जरासं उघडं, वेळकोंडला झोपायची तशी. शेजारी समई तेवत होती.

उठवावं का नाही, कळेना. मी तिथंच उभा राहिलो. तेवढ्यात रानातून जानकूची हाक आली, "भिमाजी ऽऽ." ओ दिली असती तर ही जागी झाली असती. मी नाही दिली. त्यानं पुन्हा हाक मारली. मग लागोपाठ मारायलाच लागला, आणि मारता मारता त्याचा आवाज फाटला.

थोड्या वेळानं तो अंगणात पळत आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझी चप्पल. तोंड पांढरंफटक. मला धडधाकट उभा बघून तो खालीच बसला, आणि दबक्या आवाजात आधी एक शिवी हासडून म्हणाला, "ओ द्यायला काय जातं रे तुझं?"

मी तोंडावर बोट ठेवलं आणि अंजनाकडं दाखवलं. तो तिच्याकडं, मग तिच्या मांडीवरच्या ताटाकडं बघत बसला.

तेव्हा ओढ्यापलीकडून त्याच्या घरचं ताट वाजायला लागलं. त्याची मंगल. रोजच वाजवते. जानकू ते ऐकत राहिला. मग उठून अंगणाच्या पार कडेला गेला, आमच्याकडं पाठ केली, तोंडाला हात लावला आणि ओ दिली.

पलीकडचं ताट थांबलं. अंजना जागी झाली नाही.